नंबर कशाला हवाय?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

ह्यावेळी विषय दिला होता 'रोजची डोकेदुखी'. मला वाटलं खड्डे येतील, पाणी येईल, पार्किंग येईल. ते आलंच, पण त्याहून जास्त आलं ते मोबाइलचं आणि मोबाइल हातात असलेल्या माणसांचं. काही पत्रं चार-चार पानी होती, ती कापलीयेत, रागावू नका. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तसं कळवलं होतं आणि ह्या विषयाला ते शोभतंही.

प्रश्न : ताई, कपड्याच्या दुकानात जा, चपलेच्या दुकानात जा, परवा तर लक्ष्मी रोडला नुसतं अस्तर घ्यायला गेले होते, तरी काउंटरवरची मुलगी म्हणे मॅडम मोबाइल नंबर सांगा. मी म्हटलं नाही देत, तर म्हणते नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर बिलच काढत नाही. मागे ही लाइन, सगळे माझ्याकडे बघतायत, शेवटी दिला. आता रोज मेसेज, सेल सेल सेल. नंबर द्यायलाच लागतो का हो?
– एक काकू, कर्वेनगर

उत्तर : नाही लागत काकू. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांसाठी सूचनाच काढली होती, की नंबर दिला नाही म्हणून गिऱ्हाइकाचं बिल अडवू नका, तसं करणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा आहे. आता ही सूचना काउंटरवरच्या मुलीपर्यंत बरेचदा पोचलेलीच नसते, आणि तिच्यावर चिडून उपयोगही नाही, नंबर घ्यायचेच असं तिला वरून सांगितलेलं असतं आणि पगार तिचा बारीकच असतो. पण 'कॉम्प्युटर बिल काढत नाही' ही थाप आहे. बाहेरदेशातला पाहुणा आला, किंवा एखादे आजोबा आले ज्यांना स्वतःचा नंबर पाठ नाही, तर त्यांना काय माल न देता परत पाठवतात? तेव्हा दुकानाचाच नंबर टाकतात नाहीतर दहा वेळा नऊ दाबतात, आणि बिल मस्त बाहेर येतं.

तर आवाज न चढवता म्हणायचं, 'नंबर नाही द्यायचा, तसंच बिल करा.' बास. कारण सांगत बसू नका, कारण सांगितलं की चर्चा सुरू होते, मॅडम पॉइंट्स मिळतील, मॅडम एक्सचेंजला सोपं पडेल. एक्सचेंजला बिलाचा कागद पुरतो. वॉरंटीची वस्तू असेल, फ्रिज, मिक्सर, किंवा घरपोच डिलिव्हरी असेल तर द्या, तिथं नंबराचं खरोखर काम असतं. बाकी ठिकाणी अगदीच अडून बसले तर माल काउंटरवर ठेवून निघा आणि १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

मला स्वतःला ह्यातलं वेगळंच काहीतरी खटकतं. लाइनमध्ये उभं राहून आपण आपला नंबर मोठ्यानं सांगतो, एकदा तिला ऐकू येत नाही म्हणून परत सांगतो, मग ती नाव विचारते, तेही सांगतो, आणि मागचे सगळे ऐकत असतात. हाच नंबर बँकेला जोडलेला, हाच आधारला, हाच गॅसला, आणि यूपीआयच्या ॲपमध्ये कुणी टाकला तर आपलं पूर्ण नाव समोर येतं. पार्किंगवाल्यानं पाच रुपये जास्त मागितले तर पावती दाखव, दरपत्रक कुठंय, ठेका कुणाचा आहे म्हणून अर्धा तास भांडणारं हे पुणे शहर, नंबर मागितला की शाळेतल्या पोरासारखं पाढे म्हणायला लागतं.

प्रश्न : फोन आपलं बोलणं ऐकतो का? आम्ही दोघं घरात फक्त बोललो की सोफा बदलायला हवा. कुठंही सर्च केलं नाही, आईशप्पथ. आणि संध्याकाळी इन्स्टाग्रामवर सोफ्यांची रांग. हे म्हणतात योगायोग. मला नाही पटत.
– कोथरूड

उत्तर : हाच प्रश्न गादी, वॉटर प्युरिफायर आणि गोव्याची ट्रिप घालूनही आलाय, त्यामुळे सगळ्यांना एकदमच सांगते.

कुणीतरी कायम माइक चालू ठेवून ऐकतंय असा पुरावा अभ्यास करणाऱ्यांना सापडलेला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली, त्यात गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही मिळालं नाही. काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याचं रेकॉर्डिंग मात्र बाहेर पाठवताना सापडली, म्हणजे फार खूश व्हायचं कारण नाही. पण सगळ्यांचं सगळं बोलणं दिवसभर उचलून पाठवायचं म्हटलं तर बॅटरी आणि डेटा दोन्ही बदाबदा संपेल आणि ते लपून राहणार नाही.

आता ह्यांचा योगायोगही मला मान्य नाही. सोफ्याचा विषय तुमच्या डोक्यात आला कुठून ते आठवून बघा. कुणाकडे जेवायला गेला होतात, त्यांचा नवा सोफा बघितला, त्यांच्या वायफायला फोन जोडला? मुलानं आतल्या खोलीत, तुमच्याच वायफायवर, 'एल शेप सोफा' टाकून बघितलं? येताजाता फर्निचरच्या शोरूममध्ये सहज डोकावलात आणि लोकेशन चालू होतं? किंवा वरच्या काकूंसारखा तिथं नंबर देऊन आलात? ही शेवटची गोष्ट फार जणांना माहीतच नसते. दुकानदाराला आपल्याकडच्या नंबरांची यादी फेसबुक-इन्स्टाग्रामवर चढवता येते, तिथं ते नंबर खात्यांशी जुळवले जातात आणि जाहिरात बरोबर तुमच्याच पुढ्यात येऊन पडते. ह्यात चोरीछुपे काही नाही, जाहिरातदारांसाठी ही उघड सोय आहे. शिवाय सोफ्याच्या जाहिराती आधीही येतच असणार, तुम्ही अंगठ्यानं वर ढकलत असणार, बोलणं झालं म्हणून ह्यावेळी डोळ्यात भरल्या.

म्हणजे त्यांना आपलं बोलणं ऐकायची गरजच पडत नाही, आणि मला तरी ह्याचीच जास्त धास्ती वाटते.

करण्यासारखं बरंच आहे आणि ते अवघड नाही. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनवर माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, आयफोनवर माइकसाठी केशरी. तो भलत्या वेळी दिसला तर बघा कोण वापरतंय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन प्रत्येक परवानगीखाली कुठली ॲप आहेत ती यादी एकदा डोळ्याखालून घाला, टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत आणि पंचांगाच्या ॲपला माइक कशाला, काढून टाका. तिथंच जाहिरातींच्या भागात 'ॲडव्हर्टायझिंग आयडी' डिलीट करायची सोय आहे, ती वापरा. आयफोनवाल्यांनी 'ट्रॅकिंग'मध्ये जाऊन परवानगी मागायचीच सोय बंद करून टाकावी. जाहिराती थांबणार नाहीत, फक्त त्या तुमच्या घरातल्यासारखं बोलणार नाहीत.

प्रश्न : वनाझहून रामवाडीला रोज मेट्रोनं जातो. एसी आहे, वेळेवर आहे, सगळं छान आहे, पण डब्यात किमान तीन जण तरी फुल आवाजात रील्स बघत असतात. एकाचं भजन, एकाचं क्रिकेट, एकाची 'हॅलो गाइज'. सांगायला गेलं तर अंगावर येतात. काय करावं?
– नोकरदार, वय ३१

उत्तर : तुम्ही लिहिलं नाहीये पण मी सांगते, ह्यातले निम्मे तरी पन्नाशीच्या पुढचे असणार. कॉलेजची पोरं कानात बोळे घालून बसलेली असतात, तुम्ही त्यांच्यासमोर पडलात तरी त्यांना कळणार नाही, पण त्यांचा निदान आवाज नसतो. आपले काका मात्र बातम्या अशा लावतात की जणू आख्ख्या डब्याला निवडणुकीचा निकाल कळवायची जबाबदारी त्यांच्यावर आहे. आणि स्पीकरवर व्हिडिओ कॉल! डेक्कन ते शिवाजीनगर एवढ्यात मला एका अनोळखी बाईंच्या नणंदेचा घटस्फोट, वकिलाची फी आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे इतकं सगळं कळलं. ह्याच बाई दुसरीकडे 'व्हॉट्सॲप आपले मेसेज वाचतं म्हणे' म्हणून काळजी करत असतील.

सांगायचं कसं, तर 'आवाज बंद करा' असं नाही म्हणायचं. 'काका, जरा कमी करता का, फोनवर आहे' असं म्हणायचं, फोनवर नसलात तरी. त्यानं समोरच्याचा अपमान होत नाही आणि दहातले बरेचसे कमी करतात. जो नाही करत त्याच्यापासून डबा बदला. डब्यातलं इमर्जन्सीचं बटण ह्यासाठी दाबू नका, एका वाचकानं तसं केल्याचं अभिमानानं लिहिलंय, ते अजिबात छान नाहीये.

प्रश्न : फॅमिली ग्रुपवर रोज पन्नास गुड मॉर्निंग. ग्रुप सोडला तर आत्या रुसते.
– नऱ्हे

उत्तर : ग्रुप म्यूट करा, आर्काइव्ह करा, फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा. आत्याच्या वाढदिवसाला मात्र फोन करा, मेसेज नको.

प्रश्न : ताई, मी निवृत्त आहे, स्कूटर चालवतो. व्हॉट्सॲपवर मेसेज आला की तुमच्या गाडीचं चलान आलंय, खाली फाइल दाबा. गाडीचा नंबरही बरोबर होता! सून म्हणाली थांबा, म्हणून थांबलो. पण खरंच चलान असेल आणि भरलं नाही तर? पोलिस घरी येतील का?
– आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : सुनेला माझ्यातर्फे एक साडी.

आजोबा, ती चलानची फाइल नव्हती, ते ॲप होतं. नावाच्या शेवटी 'एपीके' असं असतं ना, त्याचा अर्थच तो. दाबलं की फोन विचारतो इन्स्टॉल करू का, आपण घाबरलेले असतो त्यामुळे हो हो करत जातो, मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, तीही देतो, आणि तिथून पुढं बँकेचा ओटीपी आपल्याआधी त्या माणसाला दिसतो. हीच युक्ती लग्नपत्रिकेच्या नावानं चालते, वीज तोडण्याच्या नावानं चालते, बँकेच्या केवायसीच्या नावानं तर कायमच. गाडीचा नंबर बरोबर होता ह्याचं नवल वाटू देऊ नका, गाडीचा नंबर आपण मागे-पुढे पाटी लावून गावभर फिरवतो, आणि त्याला मोबाइल नंबर कुठून जोडला गेला असेल ते पहिल्या पत्रात आलंच.

खरं चलान बघायचं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर स्वतः जायचं, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना ते बघायचं, किंवा प्ले स्टोअरवरून घेतलेल्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघायचं. असेल तर भरा, नसेल तर चहा प्या. चलान राहिलं म्हणून कुणी रात्रीत घरी येत नाही.

ज्यांनी आधीच दाबलंय त्यांच्यासाठी: पहिल्यांदा फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा आणि लगेच १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे मधल्या खात्यात अडवता यायची शक्यता जास्त, उद्या सकाळी मुलगा आला की बघू असं करू नका. लाज वाटते म्हणून लोक दोन दिवस घरात सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात.

आणि पोलिसांचं विचारलंत म्हणून, 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी वर्दीत दिसला, मागं अशोकस्तंभ दिसला, म्हणाला कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, तर फोन ठेवायचा. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, अमिताभ बच्चन तर कित्येक महिने प्रत्येक कॉलच्या आधी सायबर भामट्यांपासून सावध करत होते आणि लोक त्यांच्यावरच वैतागले होते. जून २०२५ मध्ये ती ट्यून बंद झाली, भामटे मात्र चालू आहेत.

प्रश्न : थिएटरमध्ये शेजारचा पूर्ण पिक्चरभर स्टेटससाठी क्लिप काढत होता. टायटल, हीरोची एंट्री, शेवट सुद्धा! त्याचा स्क्रीन माझ्या डोळ्यात. ह्याला काही कायदा आहे का? आणि पाण्याच्या बाटलीचे एवढे पैसे का?
– विमाननगर

उत्तर : आहे, आणि चांगलाच कडक आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा सुधारला, त्यानुसार परवानगीशिवाय थिएटरमध्ये पिक्चर रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड, वर निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कायदा खरा पायरसीवाल्यांसाठी आहे, तुमच्या शेजाऱ्याला कुणी येरवड्याला नेणार नाही, पण पुढच्या वेळी हळूच एवढा आकडा त्याच्या कानात सांगून बघा. किंवा उठून दारावरच्या माणसाला सांगा, त्यांनी ते थांबवायला पाहिजे.

मराठी पिक्चरच्या बाबतीत मला हे जास्त लागतं. आधीच त्याला दुपारी बाराचा नाहीतर रात्री साडेदहाचा शो मिळतो, पहिल्या तीन दिवसांत लोक आले नाहीत तर चौथ्या दिवशी पोस्टर उतरतं, आणि आपण काय करतो तर शेवट स्टेटसला टाकून वर लिहितो 'मराठी माणसांनो, थिएटरमध्ये जाऊन बघा'. कशाला जातील? बघितला की त्यांनी. अप्पा बळवंत चौकात प्रभात थिएटरला पिक्चर बघितलेली माणसं सांगतील, शेवट फोडणाऱ्याशी तेव्हा लोक बोलणं सोडायचे.

पाण्याचं म्हणाल तर, बाहेरचं खाणं आत न्यायला थिएटर मनाई करू शकतं असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, पण त्याच निकालात पिण्याचं चांगलं पाणी फुकट द्यायलाच हवं हेही आहे. पाणी असतं, बहुतेक टॉयलेटच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथं बोर्ड नसतो. विचारा. पॉपकॉर्नच्या भावावर माझ्याकडे उत्तर नाही, घरून जेवून जा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गेटवर ॲप आलंय. पाहुण्याचा फोटो, नंबर, किती वाजता आला, किती वाजता गेला, सगळी नोंद. माझा भाऊ आला तरी फोटो. मी मीटिंगमध्ये बोलले तर चेअरमन म्हणाले, लपवण्यासारखं काही नसेल तर त्रास काय? सगळे हसले.
– बाणेर

उत्तर : चेअरमनना विचारा, तुमच्या फ्लॅटमध्ये गेल्या महिन्यात कोण कोण आलं त्याची यादी ग्रुपवर टाकू का. लपवण्यासारखं काही नसेल तर.

चेष्टा राहू दे. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, तो काही चोरांचा अधिकार नाहीये. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तयारीसाठी दीड वर्षाची मुदत दिली गेलीये. सोसायटीला सुरक्षा हवी हे मान्य, वॉचमनला कोण आलं ते कळायला हवं हेही मान्य. पण पुढच्या मीटिंगमध्ये चार गोष्टी लेखी मागा: हा डेटा कुणाकुणाला दिसतो, किती दिवस ठेवतात, ॲपवाली कंपनी तो जाहिरातीसाठी वापरते का, आणि ज्याला फोटो द्यायचा नाही त्याच्यासाठी साधं रजिस्टर आहे का. लेखी मागितलं की हसणं कमी होतं. घरमालक आणि इंटरकॉम दोन्ही असताना भावाचा फोटो कशाला हवा, ह्याचं उत्तर कुणाकडे असेल असं वाटत नाही.

पण बाणेरताई, तुमच्याच पत्रात पुढं एक वाक्य होतं जे मी वर छापलं नाही, की ॲपचा एक फायदा आहे, कामवाली किती वाजता गेटमधून आली ते कळतं. मला तिथं थांबायला झालं. भावाचा एक फोटो निघाला तर आपल्याला टोचतं, आणि ती बाई रोज फोटोसकट आत येते, नऊ चाळीसला आली म्हणून ग्रुपवर चर्चा होते, काही ॲपमध्ये तर तिला स्टार देतात, तीन स्टारवालीला पुढच्या घरी काम मिळत नाही, आणि तिला हे विचारलेलंसुद्धा नसतं. तिच्या फोनमध्ये ते ॲप नाही, तिला दिलेले स्टार तिला दिसत नाहीत. मीटिंगमध्ये विषय काढणारच असाल तर तिचाही काढा. आणि लिफ्टच्या सीसीटीव्हीतली क्लिप ग्रुपवर टाकून 'ही कुणाची मुलगी' असं विचारणाऱ्या मेंबरला सेक्रेटरींनी पहिल्यांदा आवरावं, ते कॅमेरे चोरीसाठी बसवलेत.

प्रश्न : गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोलाचा सराव. आम्हाला आवडतं पण रोज? आणि मिरवणुकीतला डीजे तर छातीत घुमतो. तक्रार केली तर धर्माच्या विरोधात म्हणतात. नाव बाहेर येईल म्हणून भीती वाटते.
– नारायण पेठ

उत्तर : मी ढोलाच्या बाजूची आहे हे आधीच सांगते म्हणजे नंतर वाद नको. २०२४ मध्ये हरित लवादानं पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत असं म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, आणि त्या दिवशी पेठेत पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. पण ढोल वाजवणारे दमतात, त्यांना घरी जायचं असतं, दुसऱ्या दिवशी कॉलेज असतं. डीजेची भिंत दमत नाही.

कायदा सोपा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती वेळ बारापर्यंत वाढवू शकतं, आणि राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. लक्ष्मी रोडला विसर्जनाच्या दिवशी हे आकडे कुणाला ऐकू गेलेत असं मला वाटत नाही. डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली, म्हणजे मनात आणलं तर करता येतं.

नावाचं मात्र भिऊ नका. मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आवाजाची तक्रार आली की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागत बसू नये, आणि ती मंडळाला सांगू तर अजिबात नये. ११२ ला फोन करा, चौक सांगा, वेळ सांगा, नाव विचारलं तर 'हायकोर्टानं विचारू नका म्हटलंय' एवढं सांगा. सरावाचं काय, तर पथकाच्या प्रमुखाला जाऊन भेटा, रात्री साडेनऊला थांबा म्हणा. ही पोरं ऐकतात, बहुतेकांची आजी जवळच्याच गल्लीत राहते.

प्रश्न : आईनं एआयवर स्वतःचा शिफॉनच्या साडीतला फोटो बनवला, गुलाब बिलाब, वारा बिरा. आता सगळ्या मैत्रिणींचे बनवून देतेय. धोका आहे का?
– धनकवडी

उत्तर : साडीला नाही. आईला सांग की फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो, सेटिंग बदललं नाही तर तो मॉडेल सुधारायला वापरला जाऊ शकतो, आणि काही चॅट माणसं तपासतात. जेमिनी ह्या आपल्या एआयच्या बाबतीत गूगल स्वतःच सांगतं की असे तपासलेले चॅट तीन वर्षांपर्यंत ठेवले जाऊ शकतात. ॲक्टिव्हिटी साठवणं बंद करून टाक. मैत्रिणींना विचारून बनवतेय ना, तेवढं बघ. नातवंडांचे फोटो नकोत. आणि 'फुकट साडी फोटो' म्हणून भलत्याच साइट निघाल्यात, त्यांच्यावर तर जाऊच देऊ नको. बाकी तिला करू दे, इतक्या वर्षांत तिचा फोटो काढायला कुणाला सुचलं नव्हतं का?

प्रश्न : लोहगाव विमानतळावर डिजियात्रा, म्हणजे ते चेहरा दाखवून आत जायचं ॲप, घेतलंच पाहिजे असं दारावरचा माणूस सांगत होता. खरंय का?
– कल्याणीनगर

उत्तर : नाही, ऐच्छिक आहे. बोर्डिंग पास आणि ओळखपत्र घेऊन साध्या रांगेतून जाता येतं. रांग कधीकधी मोठी असते, त्यामुळे थोडं आधी निघा. चेहरा द्यायचा की वीस मिनिटं, हे तुमचं तुम्ही ठरवा. आणि हॉटेलमध्ये आधार मागितलं तर मास्क केलेलं द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. झेरॉक्सवर 'फक्त हॉटेलसाठी' आणि तारीख लिहायला विसरू नका.

प्रश्न : सिग्नल लाल आहे, पुढं बस आहे, तरी मागचा हॉर्न वाजवतोय. नळस्टॉपला रोजचं आहे. काही दंड आहे का ह्याला?
– एरंडवणे

उत्तर : आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ एफ, विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा हजार रुपये, पुन्हा केलं तर दोन हजार. पावती फाडायला हवालदाराला फक्त एवढंच शोधून काढावं लागेल की नळस्टॉपला त्या क्षणी कोण वाजवत नव्हतं.